मनकर्णाकाकूनं नाही म्हटलं

मनकर्णाकाकूचं घर आमच्या घराला लागून. मधे काट्यांचं कुंपण, आणि त्या कुंपणाला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड. ते कुणी कधी बुजवलं नाही. काकू सकाळी चुलीवर चहा ठेवून त्या भगदाडातून आमच्याकडे दूध मागायला यायची, माझ्या आईशी बोलत उभी राहायची आणि तिकडे चहा उतू जायचा. मग गुणवंतकाका ओरडायचे, "अवो गोपालची माय, चुलीले चहा पाजून राह्यली का?" काकू पदर सावरत पळायची, आणि पळता पळता हसायची. कुंपणापलीकडून ऐकू येईल असं हसणं होतं तिचं.

आमचं खैरडोह कोरपन्याहून गडचांदूरला जाताना उजव्या हाताला आत पडतं. पऱ्हाटी, सोयाबीन, बांधावर तूर. सिमेंट कंपनीच्या धुरामुळे वाळत घातलेला पांढरा कपडा कधी पांढरा राहत नाही. गुणवंतकाका वावर बघून कंपनीत ठेक्यावर लोडिंगला जायचे. वावर खरं तर काकूच बघायची. कापूस वेचणाऱ्या बायांच्या रांगेत ती नेहमी पुढे असायची. फक्त नाल्याची चढण आली की गाठोडं खाली ठेवून थोडी थांबायची. "दम लागते बाप्पा मले," म्हणायची. बाया म्हणायच्या, तू धावतंच किती, दम लागन नाई तं काय. तिला गोपाल आणि रंजीता अशी दोन लेकरं. गोपाल माझ्याहून लहान, मला प्रियाताई म्हणायचा. रंजीता त्याच्याहून बरीच लहान.

गोपालनं आयटीआय केलं होतं आणि कंपनीच्या जागा निघायची वाट बघत होता. वाट बघता बघता कबड्डी खेळायचा. चढाई करणारा होता तो. उंच, हातपाय लांब, अंगावर मांस नाही. पण समोरच्याला हात लावून रेषेवर परत यायचा कसा ते बघणाऱ्याला कळायचं नाही. आसपासच्या गावांत सामने असले की त्याला बोलावणं यायचं. जिंकलेल्या ढाली काकूनं पाटावर मांडून ठेवल्या होत्या, देवाशेजारी.

कोरोनाच्या आदल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात मोठे सामने होते. त्या वर्षी आयोजकांनी खेळाडूंना डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितलं होतं, खेळायला हरकत नाही असा. आमच्या गावची पोरं मिळून एका डॉक्टरांकडे गेली. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "कोणाला काही त्रास?" पोरं एकसुरात म्हणाली, नाई. सह्या झाल्या. पोरं बाहेर येऊन भजी खाऊन घरी आली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अशा तगड्या पोरांना दवाखान्यात काय तपासायचं?

गोपालला त्याआधी एकदा सरावानंतर डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मैदानातच बसला होता तो. पण तो शनिवार होता, त्याचा उपास होता. काकूनं त्याला गूळपाणी दिलं आणि म्हणाली, "खेळाचं असलं तं उपास नको करत जाऊ." तो हो म्हणाला. आई आणि मुलगा, दोघांच्या दृष्टीनं विषय तिथे संपला.

सामना बघायला काकू गेली होती. बाया मैदानाच्या कडेला ताडपत्रीवर बसल्या होत्या. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलंय, एकदा नाही, पुष्कळदा. उत्तरार्ध सुरू होता. गोपालनं एकाच चढाईत दोघांना हात लावला आणि रेषेवर परत आला. पोरांनी टाळ्या पिटल्या. तो वळला, चड्डीची नाडी आवळायला खाली वाकला, आणि तसाच तोंडावर पडला.

"लोकं हासले वो," काकू सांगायची. "लोकाइले वाटलं, नकला करून राह्यला. मीबी हासली."

मग कुणी पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी फिट आली म्हणून चप्पल हुंगवली. जीप आली. जीपमध्ये त्याचं डोकं काकूच्या मांडीवर होतं. दवाखान्यात डॉक्टर बराच वेळ त्याची छाती दाबत राहिले. मग थांबले.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन गुणवंतकाकांना बाजूला घेतलं. पोराच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता, असं ते म्हणाले. हा आजार घराण्यात असू शकतो, घरातल्या बाकीच्यांनी तपासून घ्यावं. काकांनी मान हलवली. त्या वेळी त्यांना कुणी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती. तेरवी झाल्यावर त्यांना ते आठवलं आणि त्यांनी काकूला सांगितलं. काकू म्हणाली, "आता कोनाले तपासाचं? ज्याले तपासाचं होतं तो गेला." मग महिना-दीड महिन्यात रस्ते बंद झाले, नागपूर बंद झालं, सगळंच बंद झालं. त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

रंजीता तेव्हा लहान होती. शाळा पुन्हा उघडली तशी ती गडचांदूरच्या शाळेत जाऊ लागली, एसटीनं. तिथे ज्योत्स्ना मॅडम नावाच्या खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी मुलींचा फुटबॉलचा संघ बांधायला घेतला होता. मुली मिळत नव्हत्या म्हणून त्यांनी एसटीची वाट बघत बसलेल्या मुलींनाच मैदानात ओढलं. रंजीता त्यातली. डाव्या पायानं मारायची ती. पहिल्या काही महिन्यांतच मॅडमनी तिला पुढच्या फळीत घेतलं.

मी माहेरी आले की ती मला अंगणात खेळ दाखवायची. चेंडू पायावर झेलत राहायची, गुडघ्यावर घ्यायची, पुन्हा पायावर. कोंबड्या दचकून पळायच्या. काकू ओसरीत निवडायला बसलेली असायची. सुपातून मान वर न करता ती म्हणायची, "फोडशीन काई तं." पण तिला थांबवत नव्हती. काका तर गडचांदूरला ड्युटी संपली की शाळेच्या मैदानाच्या भिंतीशी गाडी लावून उभे राहायचे. गोपाल गेल्यापासून ते कुणाशी फार बोलत नव्हते. मैदानाजवळ मात्र शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगायचे, "थे लंबी वेणीवाली हाय न, थे आमची."

रंजीता दहावीत गेली त्या वर्षी मॅडमचा संघ विभागात पहिला आला. राज्याचे सामने पुण्याकडे कुठेतरी होते. त्यासाठी पुन्हा तोच डॉक्टरांचा दाखला हवा होता. ज्योत्स्ना मॅडमनी मुलींना सांगितलं, कोणत्याही एमबीबीएस डॉक्टरची सही चालेल, सोमवारपर्यंत आणा.

रंजीतानं घरी येऊन सांगितलं. काकू भाकरी थापत होती. ती थापायची थांबली.

"तुले मी नागपूरले नेतो," ती म्हणाली.

"कायले? गावात डॉक्टर हाय. माह्या मैत्रिणी तं जाऊन आल्या."

"मैत्रिणीचे भाऊ नाई मेले."

गुणवंतकाका म्हणाले, "अवो, तिले काय झालं? घोड्यावानी पयते पोट्टी."

"गोपाल नव्हता पयत?"

त्या रात्री काकूनं मला फोन केला. माझं सासर नागपूरचं, मोठा सरकारी दवाखाना आमच्या घरापासून ऑटोनं जवळ. ती म्हणाली, "प्रिया, मले तिथलं काई समजत नाई. तू सोबत चाल." दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही माझ्या दारात होते. रंजीताच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं आणि त्यात बूट. परत जाताना थेट सरावाला जायचं असं तिनं ठरवलं होतं.

दवाखान्यात आम्ही सकाळपासून रांगेत होतो. हृदयाच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. काकूनं तिला गोपालचं सगळं सांगितलं, चड्डीच्या नाडीपासून. डॉक्टरिणीनं मधे तोडलं नाही. मग तिनं रंजीताच्या छातीला नळी लावली. बसवून ऐकलं, आडवं करून ऐकलं. मग म्हणाली, "उकिडवी बस. आता पटकन उभी राहा." पुन्हा ऐकलं. पुन्हा बसवलं, पुन्हा उभं केलं. रंजीताला हसू आलं. तिला वाटलं, ही खेळाडूंची काहीतरी परीक्षा आहे. ती ताठ उभी राहून माझ्याकडे बघत होती, कशी केली मी, अशा नजरेनं. डॉक्टरीण हसली नाही.

मग छातीला तारा लावून पट्टी काढली. मग सोनोग्राफीसारखी तपासणी झाली, छातीवर गार चिकट औषध लावून. त्या खोलीत मी रंजीताबरोबर होते. पडद्यावर तिचं हृदय दिसत होतं, करडं, उघडझाप करणारं. डॉक्टरिणीनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, वाकून बघत राहिले, आणि एक-दोन ठिकाणी बोट ठेवून इंग्रजीत बोलले.

मोठे डॉक्टर वयस्कर होते, मृदू बोलणारे. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. म्हणाले, "हिच्या हृदयाची मधली भिंत जाड आहे. रक्त बाहेर पडायची वाट त्यामुळे अरुंद झालीय. एरवी हिला काही कळणार नाही. पण जोरात धावली, धडक बसली, श्वास चढला, की ठोके बिघडू शकतात. तुमच्या मुलाचं तेच झालं असावं."

"मंग गोळ्या द्या," काका म्हणाले.

"गोळ्या देणार आहोत. पुढे छातीत एक मशीन बसवायचं का, तेही बघू. पण खेळायला मी परवानगी देऊ शकत नाही. फुटबॉल नाही, कबड्डी नाही, शर्यती नाहीत."

रंजीतानं विचारलं, "सर, मी फॉरवर्डले खेळतो. मागं डिफेन्समध्ये खेळली तर?"

"नाही बेटा."

"हाफ टाइमच खेळली तर?"

"नाही."

"गोलकीपर? गोलकीपरले पयावं लागत नाई सर. उभंच राह्यचं असते."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "चेंडू छातीवर येतो ना गोलकीपरच्या?" रंजीतानं मान खाली घातली. दप्तर तिच्या मांडीवर होतं. ती त्याच्या चेनशी खेळत राहिली.

मग त्यांनी काका-काकूंना विचारलं, घराण्यात आणखी कुणी तरुणपणी अचानक गेलं का? काका म्हणाले, "नाई, आमच्यात सगळे म्हतारे होऊनच मेले." काकू म्हणाली, "माह्या भाऊ गेल्ता. अजय. वखर हाकता हाकता पडला. पन त्याले ऊन लागलं होतं. मे महिना होता."

आमच्याकडे हे इतकं साधं कारण आहे की त्याच्यामागे कुणी बघत नाही. उन्हाळ्यात चंद्रपूर तापतं आणि दर वर्षी वावरात कुणी ना कुणी पडतं. डॉक्टरांनी विचारलं, "त्यांचं वय किती होतं?" काकू म्हणाली, "लगन ठरलं होतं त्याचं." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पण आत चला. तुमचीही तपासणी करून घेऊ."

काकू आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. तिच्यातही तेच होतं. काकांचं हृदय स्वच्छ निघालं.

बाहेर येताना तिनं दारात थांबून डॉक्टरांना एकच विचारलं, "त्या डॉक्टरानं गोपालच्या छातीले नळी लावली असती, तं समजलं असतं का?"

"कदाचित," डॉक्टर म्हणाले. "कदाचित नसतंही. नुसत्या नळीनं दर वेळी कळतंच असं नाही."

ते खरं बोलले असतील. पण त्या खऱ्यानं काकूजवळ रागवायलाही कुणी ठेवलं नाही.

त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली. मी वरण फोडणीला घालत होते. रंजीता पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती, काका गॅलरीत उभे होते. काकू हलक्या आवाजात म्हणाली, "प्रिया, माह्याकडूनच गेलं न हे?"

"काकू, तुले काय माहीत होतं? तू काय मुद्दाम दिलं?"

"नाक माह्यं, रंग माह्या, आन हेबी माह्यंच. बापाकडचं काईच नाई घेतलं पोट्ट्याईनं." मग म्हणाली, "जिंदगीभर मी डोस्क्यावर वझं वाहिलं. विहिरीतून पानी वढलं. मले काऊन नाई नेलं? मले सोडून पोराले काऊन नेलं?"

फोडणी करपली. दुसरी केली.

परत गेल्यावर खरा त्रास सुरू झाला. गावात बातमी गेली होती. घरी येणारं प्रत्येक माणूस रंजीताकडे बघायचं आणि म्हणायचं, ही तं धडधाकट दिसते. कुणी म्हणालं, नागपूरचे डॉक्टर उगाच घाबरवतात. कुणी कोणा वैदूचं नाव सांगितलं. रंजीताच्या मैत्रिणी आल्या आणि दारातच रडल्या. आणि रंजीता बापाच्या मागे लागली. एकच स्पर्धा, बाबा. ही एकच खेळतो, मंग आयुष्यात चेंडूले पाय नाई लावत. रोज सकाळ-संध्याकाळ तेच. गोपाल गेल्यावर त्या माणसाला पहिल्यांदा हसताना लोकांनी बघितलं होतं ते त्या मैदानाच्या भिंतीशी. पोरीच्या हट्टापुढे काका कितीक दिवस टिकणार?

रविवारी ते कुठूनतरी दाखला घेऊन आले. कुठून ते त्यांनी सांगितलं नाही. सही होती, शिक्का होता. रंजीता नाचायचीच बाकी होती.

काकू विहिरीवरून आली. तिनं तो कागद बघितला. ती ओरडली नाही. तिनं घागर खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी गोपालले खांदा देल्ला तवा मी घरी होती. बायाइले नेत नाई. हिच्या वक्ती मी येईन. सांगून ठेवतो."

काकूनं चपला घातल्या आणि एसटीनं गडचांदूर गाठलं. ज्योत्स्ना मॅडमचं घर तिला माहीत नव्हतं, विचारत विचारत गेली. मॅडमनी नंतर मला सांगितलं, की त्या दिवशी त्यांच्या मनातही चलबिचल होती. रंजीताशिवाय पुढची फळी म्हणजे काहीच नव्हती, आणि हातात सही-शिक्क्याचा दाखला येणार असेल तर त्यांच्यावर कसली जबाबदारी? पण दारात उभ्या असलेल्या काकूनं नागपूरची फाइल पुढे केली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी तिले लय शिकवलं. तुमचे उपकार हाय. पन तिचं नाव काटा. तिनं दुसरा दाखला आनला तरी काटा. मी माय हाय, मी नाई म्हनतो."

मॅडमनी नाव काढलं.

संघ रंजीताशिवाय गेला आणि पहिल्याच सामन्यात हरून आला. त्या दिवशी रंजीता शाळेत गेली नाही. काकू तिच्यासाठी ताट घेऊन गेली तेव्हा ती जे बोलली ते कुंपणाच्या अलीकडे माझ्या आईनंही ऐकलं. "दादा तरी खेळता खेळता गेला. लोकं नाव घेते त्याचं. मले तू जितीच मारलं." काकूनं ताट तिच्यासमोर ठेवलं आणि बाहेर येऊन अंगण झाडायला लागली. सकाळी झाडलेलं अंगण तिनं पुन्हा झाडलं.

त्यानंतर रंजीता आईशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, अबोला म्हणावा असाही नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. जेवतं का? हो. उद्या सुट्टी हाय का? नाई. एवढंच. बूट तिनं एका मैत्रिणीला देऊन टाकले. टीव्हीवर सामना लागला की उठून जायची. शाळेच्या मैदानाच्या बाजूचं फाटक सोडून मागच्या फाटकानं ये-जा करायची. काकांनी कंपनीतून परत येताना गाडी थेट घराकडे घ्यायला सुरुवात केली. भिंतीशी थांबायला आता कारण नव्हतं.

गावच्या पोरांनी गोपालच्या नावानं कबड्डीचे सामने सुरू केले, दर हिवाळ्यात. पहिल्या वर्षी ढाल द्यायला काकूला मंचावर बसवलं. माईक तिच्या हातात दिला तर ती म्हणाली, "माह्या पोराच्या नावानं खेळता तं आंधी डॉक्टर बोलवा. एकेकाच्या छातीले नळी लावा, मंग खेळा." त्या वर्षी पोरांनी बोलावला डॉक्टर. दुसऱ्या वर्षी डॉक्टर मिळाला नाही असं म्हणाले. तिसऱ्या वर्षी काकूनं ढाल द्यायला जाणं सोडलं. सामने चालू आहेत. फलकावर गोपालचा फोटो असतो.

रंजीता बारावी झाली, पुढे शिकायला चंद्रपूरला राहिली, आणि आता गडचांदूरला एका औषधांच्या दुकानात कामाला आहे. संध्याकाळच्या गाडीनं घरी येते. तिच्यासाठी स्थळं येतात, आणि आजाराचं कळलं की परत जातात. गुणवंतकाका ते लपवावं म्हणतात. लपवायचं नाही यावर मात्र मायलेकी, एकमेकींशी एक अक्षर न बोलता, एकमत आहेत.

मी यंदा दिवाळीला गेले होते. काकू आता पुष्कळ वाळलीय. वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तरी वेचणीला जातेच, फक्त गाठोडं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर देते. रंजीता कामावरून आली, पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि फळीवर ठेवली. दोघींची गोळी एकच, ठोके धीमे ठेवणारी. महिन्याच्या महिन्याला तीच आणते, आईच्या गोळ्या संपत आल्यात का ते पाकीट हलवून बघते, आणि विचारत नाही. काकू तिच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत होती. रंजीता आत गेल्यावर ती मला म्हणाली, "बोलत नाई. पन आता एकोनीसची झाली वो प्रिया. गोपाल एकोनीसचा नाई झाला."

सकाळी रंजीता मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. धुकं होतं, गाडीला वेळ होता. मी धीर करून विचारलं, अजून राग आहे का तुला तिचा?

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "ताई, मी दुकानात बसतो. हृदयाच्या गोळ्या नेनारे लोक रोज पाहातो. मले समजत नाई का? तिची चूक नव्हतीच. मी तिच्या जागी असती तं मीबी तेच केलं असतं." मग ओढणीनं नाक पुसलं. "पन मले धावाचं होतं न ताई. अजूनबी सपनात धावतो. सपनात दम लागत नाई. आन उठलं का पयले तिचंच तोंड दिसते."

"मग हे तिला सांग ना. चूक नव्हती एवढंच सांग."

"सांगीन," ती म्हणाली.

गाडी आली. मी चढले, खिडकीतून हात केला. तिनंही केला.

मागच्या आठवड्यात काकूशी फोनवर बोलले. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, रंजीता काही बोलली का?

"बोलली न," काकू म्हणाली. "म्हने, गोळी जेवल्यावर घेत जा."